एक जूनला जन्मलेली पिढी

मागच्या खोलीला आज रंग लागतो आहे. सकाळपासून घरभर ओल्या रंगाचा तो गारसर, खडूच्या भुकटीसारखा वास पसरला आहे, आणि अंगणात चिकूच्या झाडाखाली पिकून फुटलेल्या फळांचा आंबूस गोडवा त्यात मिसळतो आहे. डहाणूत आयुष्य काढलेल्या माणसाला चिकूचा वास एरवी जाणवतही नाही. पण आज दोन्ही वास एकत्र आले आणि मी हातातली भाजी तशीच ठेवून मागच्या पायरीवर जाऊन बसले. रंगारी शिडीवरून म्हणाला, “बाई, एवढी चकाचक झाल्यावर भाडं वाढवून मागा हां.” मी मान डोलावली. त्या शिक्षिका मुलीनंतर या खोलीत दोन भाडेकरू राहून गेले, तरी मनातल्या मनात मी अजून हिला ‘तिची खोली’च म्हणते.

ती आली तेव्हा तिच्याकडे एक पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेचं नेमणुकीचं पत्र होतं. घर रानशेत गावाच्या आतल्या बाजूला. वडील तिच्या लहानपणीच गेलेले, आई बागायतदारांच्या वाडीत चिकू निवडायला जायची. त्या निवडण्याच्या मजुरीवर मुलगी शिकली, शिक्षिका झाली. मीही तलासरी तालुक्यात सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे ते पत्र हातात घेतल्यावर मला उगीच भरून आलं. आपल्याच शाळेची घंटा पुन्हा वाजल्यासारखं वाटलं. मात्र पत्रात एक शब्द वेगळा होता. मला पगार मिळायचा, तिला ‘मानधन’ मिळणार होतं. हा शब्द कोणी घडवला असेल, याचा मी पुढे बरेचदा विचार केला. त्यातला मान कुठे आहे ते मला सापडलं नाही, आणि धन महिन्याच्या वीस तारखेपलीकडे कधी टिकलं नाही. तेही अकरा महिन्यांसाठी. पुढची नेमणूक होईल की नाही, हे दर उन्हाळ्यात नव्याने कळायचं.

पहाटेच्या एसटीने ती निघायची, तलासरीहून जीप, जीप सोडून पुढे पायवाट. दुपार कलल्यावर परत यायची आणि तोंडावर पाणी मारून लगेच स्टेशनजवळच्या एका शिकवणीवर्गात गणित शिकवायला जायची. डहाणूत खोली घेतली ती त्या शिकवणीसाठीच. मानधनात तिचं आणि आईचं भागत नव्हतं. दोन-दोन ठिकाणी शिकवून घसा बसलेला असायचा, तरी स्वयंपाक करताना गुणगुणायची. त्या मुलीला मी आणि माझे यजमान नव्या पिढीविषयी शहाणपण शिकवत असू.

यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मोबाईलवर रोज सकाळी एक तरी संदेश यायचा: अमक्या सालापासून तमक्या सालापर्यंत जन्मलेली पिढी कशी कष्टाळू, तिच्या पुढची कशी चंचल, आणि आत्ताची म्हणजे नुसती नाजूक. प्रत्येक पिढीला इंग्रजी नाव, जणू चिकूच्या पेट्यांवर मारतात तसा शिक्का. आम्ही ते चहासोबत मोठ्याने वाचायचो. एकदा तिने नवा मोबाईल घेतला तेव्हा मी म्हणाले होते, “एवढा महाग? आमच्या वेळी आम्ही घड्याळसुद्धा लग्नात मिळेपर्यंत थांबलो.” ती ओशाळून हसली. “बाई, मुलांची हजेरी त्यावर भरावी लागते, फोटो टाकावे लागतात. जुना अडकायचा. हप्त्यावर घेतलाय.” मी ‘हप्त्यावर’ एवढंच ऐकलं, आणि संध्याकाळी यजमानांना सांगितलं की या मुलांना थांबणं ठाऊकच नाही.

एका रविवारी यजमानांनी तिला थट्टेने विचारलं, “काय गं, तू यातल्या कुठल्या पिढीतली? साल सांग.”

“खरं साल कुणाला माहीत, काका?” ती म्हणाली. “माझी जन्मतारीख एक जून आहे. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांची एक जूनच होती. आई म्हणते, मी झाले तेव्हा नागली कापायला आली होती. म्हणजे पावसाळा सरता सरता झाले असेन. साल मास्तरांनी अंदाजानं टाकलं.”

यजमान मोठ्याने हसले. मला हसता येईना. कारण शाळेत नाव घालायला आलेल्या आयांना “केव्हाचा गं?” असं विचारून, मुलाच्या उंचीकडे पाहून, एक जून ही तारीख मी स्वतः किती जणांच्या नावापुढे लिहिली होती! अंगठा लावून त्या निघून जायच्या. त्यातली कितीतरी मुलं आता याच डहाणू-तलासरीत वीटभट्टीवर, कंपनीत, कुठे कुठे राबत असतील, आणि आम्ही चहा पीत त्यांना सालवार गुणदोष वाटत होतो.

आमच्या पिढीने कष्ट केले, हे खोटं नाही. मीही एका पायवाटेने शाळेत गेले, ओढा चढला की पलीकडच्या घरात मुक्काम केला. पण यजमानांना रेल्वेचं क्वार्टर होतं. पंधरा वर्षं आम्ही भाडं म्हणून जे कापून दिलं ते जाणवलंही नाही. ही जागा घेतली तेव्हा आम्हा दोघांच्या वर्षभराच्या पगाराहूनही कमी किंमत होती, नि मूळ मालक गिऱ्हाईक मिळालं म्हणून खूश होता. पुढे महामार्ग रुंदावला, मुंबईची माणसं शनिवार-रविवारची घरं शोधत आली, मोठमोठ्या प्रकल्पांच्या बातम्या आल्या, आणि आम्ही झोपाळ्यावर बसल्या बसल्या आमची जागा सोन्यासारखी झाली. त्यात आमचं कर्तृत्व काय होतं? तरी त्यालाच आम्ही काटकसर म्हणायचो. आणि दर अकरा महिन्यांनी करार नवा करताना तिच्या भाड्यात थोडी वाढ करायचो. पद्धतच आहे, असं म्हणून. तिचं मानधन त्या सगळ्या वर्षांत एकदाही वाढलं नाही. ती वाढीव भाडं निमूटपणे द्यायची, आणि दिल्यावर “येते बाई” म्हणायची, जणू तीच काही मागायला आली होती.

तिसऱ्या वर्षी तिने मनातली गोष्ट सांगितली. आईचे गुडघे जात चालले होते. वाडीत दिवसभर उकिडवं बसवत नव्हतं. “एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढं स्वतःचं झालं तर आईला आणीन. तिला सांगीन, आता नुसतं बस.” स्टेशनच्या पूर्वेला एक नवी इमारत उठत होती. एकटीने विचारायला जायला ती बुजत होती, म्हणून मला सोबत घेऊन गेली. तिसऱ्या मजल्यावरची ती छोटी जागा मला अजून डोळ्यांपुढे दिसते, सिमेंटचा वास, फरशीवर पांढरी धूळ, आणि ती खिडकीशी जाऊन एकदम लहान मुलीसारखी ओरडली, “बाई, इकडे या! महालक्ष्मीचा डोंगर दिसतो. आईला इथूनच रोज दर्शन होईल.” खरंच, दूर धुरकट आभाळात तो सुळका दिसत होता. तिने पदराच्या टोकाने खिडकीच्या कठड्यावरची धूळ पुसली. स्वतःच्या घराची पुसावी तशी.

खाली ऑफिसात बिल्डरचा माणूस गुजराती वळणाच्या मराठीत गोड बोलत होता. तिचं पत्र पाहून त्याने ते अलगद परत सरकवलं. “मॅडम, कंत्राटी नोकरीला बँक लोन नाय देत. अकरा महिन्याची नोकरी आणि वीस वर्षाचं लोन, कसं जमणार?” मग त्याची नजर माझ्याकडे वळली. “बेन, तुम्ही घ्या ना. पेन्शनवाल्यांना काय टेन्शन? इन्व्हेस्टमेंट म्हणून घ्या, भाडं घरबसल्या येईल. आमचे अर्धे फ्लॅट असेच गेले.” परतताना ती रिक्षात एवढंच म्हणाली, “निदान बघून तरी झालं.”

मी घरी येऊन सगळं यजमानांना सांगितलं. तिची कीव यावी म्हणून सांगितलं, असं मी आजही स्वतःला बजावते. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, “कितीला म्हणाला?” आठवडाभर ते विचार करत होते. मुदत ठेव पिकली होती, मुलगा पुण्यात स्थिरावला होता, पैसा नुसता पडून राहणार होता. मी म्हणाले, “अहो, ती जागा त्या मुलीने बघितलेली.” ते म्हणाले, “बघितली म्हणजे तिची झाली का? आपण नाही घेतली तर दुसरा घेईल.” खरं सांगायचं तर यावर मी उत्तर शोधलंही नाही. एक साधं उत्तर होतं, ‘मग दुसऱ्याला घेऊ दे’, पण ते तोंडातून बाहेर पडलं नाही. दसऱ्याच्या आधी व्यवहार झाला. नाव दोघांचं लागलं.

पेढे द्यायला मीच मागच्या खोलीत गेले. कुठला फ्लॅट ते सांगितलं तेव्हा तिने पोळीचं लाटणं बाजूला ठेवलं. मग तिने पिठाचे हात पुसले, पेढा घेतला, वाकून नमस्कार केला. “छान झालं बाई. चांगली हवा आहे तिथे.” ती रागावली असती तर मला सोसलं असतं. मी घाईघाईने म्हणाले, “तुलाच देऊ ना भाड्याने. आईला आण.” तिने भाडं विचारलं. यजमानांनी ठरवलेला आकडा मी सांगितला. ती पोळपाटावरचं पीठ झटकत म्हणाली, “नको बाई. एवढं नाही जमणार.” कमी करते, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण यजमानांना विचारायला हवं होतं, आणि ते विचारणं मी उद्यावर टाकलं. असे उद्या किती सहज निघून जातात!

पुढच्या मे महिन्यात तिची नेमणूक लांबली. शाळा सुरू झाल्या, पत्र आलं नाही. जुलैत ती खोली सोडून गेली. उंबरगावच्या बाजूला एका कंपनीत औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावण्याच्या कामावर. नंतर कळलं की पत्र उशिरा का होईना आलं होतं, पण ती परतली नाही. यजमान म्हणाले, “बघितलंस? टिकत नाहीत ही मुलं कुठे. चार पैसे जास्त दिसले की शिक्षकी पेशासुद्धा सोडतात.”

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या सहकारी बाईंना भेटून परतताना मी तलासरीच्या नाक्यावर एसटीची वाट पाहत होते. कंपनीची बस थांबली. दहाबारा बायका उतरल्या, त्यांत ती. निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, आणि डोक्यावरच्या जाळीच्या टोपीचा कपाळावर उमटलेला लाल वळ. मला पाहून धावत आली. वाकलीच.

“कशी आहेस गं?”

“बरी आहे बाई. उभं राहावं लागतं दिवसभर, तेवढंच. पण पैसे वेळेवर येतात.”

“आणि आई?”

“रानशेतलाच. आता तिला उठवत नाही. शेजारची वहिनी बघते. मी इथेच आत खोली घेतलीय, रविवारी जाते.”

शाळेत तुझ्या जागी कोण आहे, असं मी विचारलं. कोणी नाही, म्हणाली; चार वर्ग एकाच गुरुजींकडे आहेत. मी म्हणाले, “परत ये गं. तुझ्यासारखी शिकवणारी कुठे मिळणार?”

“परत कशाला, बाई?” तिने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, रागही नव्हता. वाटेवरच्या माणसाने रस्ता विचारावा तितक्या सरळपणे तिने विचारलं, आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबली. सव्वीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिलेली मी. मी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र उगीच सरळ केलं. तिची जीप आली. मागच्या फळीवर बसून तिने हात हलवला, जीप धूळ उडवत आत वळली.

घरी यजमानांनी विचारलं, “भेटलं का कोणी ओळखीचं?” मी नाही म्हणाले आणि चहा टाकला. त्यांनी मोबाईलवरचा नवा संदेश वाचून दाखवला. आमची पिढी ही समाधानी माणसांची शेवटची पिढी, अशा अर्थाचा. मी ऐकून घेतलं. अलीकडे मला ‘पिढी’ या शब्दाची सोय कळू लागली आहे. ‘ही पिढी’ म्हटलं की त्या मुलीचं नाव घ्यावं लागत नाही, तिचा बसलेला घसा आठवावा लागत नाही. आणि ‘आमची पिढी’ म्हटलं की मी कुठेच नसते, नुसता एक काळ असतो, चांगला, कष्टाळू, सरून गेलेला. काळावर कोणाला रागावता येत नाही, त्याला काही विचारता येत नाही. फ्लॅटच्या कागदांवर मात्र खाली, दोन जागी, माझी सही आहे.