रतनबाईचं ताठ भात

आंबी गावच्या रतनबाईचा उजवा हात कोपरात कधी सरळ होत नसे. ती डाव्या हाताने भात कापायची आणि मी, गावचा शाळामास्तर, बघत राहिलो तर म्हणायची, "हात काय बघता मास्तर, भात बघा."

आमच्याकडच्या आंबेमोहोराला वास सुरेख, पण काडी उंच आणि नाजूक. दाणा भरला की परतीच्या पावसात ते भात लोळतं, आडवं पडतं. बांध ओलांडून लोळलेलं भात ज्याच्या खाचरात पडेल त्याने कापायचं, असा गावचा रिवाज होता. एका वर्षी रतनबाईचं भात चुलतदीर गेणूच्या खाचरात लोळलं. गेणू कापू लागला. तिचा नवरा दत्तोबा त्याला आडवा गेला. दोघांच्या हातात विळे होते. रतनबाई भाकरी घेऊन पोचली तेव्हा दत्तोबाचा गळा चिरलेला होता आणि आजूबाजूच्या लोंब्या रक्ताने एकमेकींना चिकटल्या होत्या.

गेणूला सजा झाली. रतनबाईचा मुलगा बजरंग माझा विद्यार्थी. बापामागे त्याची शाळा सुटली, तो मोजकंच बोलू लागला आणि बापाच्या विळ्याला धार लावू लागला. "त्यो सुटून आला अन् भात पुन्हा पल्याड पडलं, की त्याला तितंच संपवतो," असं आईच्या तोंडावर सांगे. पोराला अडवणं तिच्या हातात उरलं नव्हतं. भाताला अडवता आलं तर बघावं, एवढंच तिच्या मनाने घेतलं.

नवरा पडला होता तिथे, लोळलेल्या भातात काही रोपं ताठ उभी होती. त्यांचं बी तिने एकाच कणगीत भरलं आणि पुढल्या वर्षी लावलं. पुष्कळ उभं राहिलं, पण चारांतलं एखादं रोप आडवं झालंच. ते बांधापलीकडे पडलं, तेव्हा गेणूमागे त्याचं शेत बघणारा मेहुणा नथू रिवाजाप्रमाणे ते कापायला आला. बजरंगने त्याला बांधावर पाडून दगडाने त्याचा जबडा फोडला. नथूने आपले दात ओंजळीत थुंकले आणि रडत घरी गेला.

सरकारी भातशेतीवर श्रीपादराव म्हणून अधिकारी होते. मी रतनबाईला त्यांच्याकडे नेलं.

"बाई, ताठ रोपाच्या पोटात लोळण्याचा गुण लपलेला असू शकतो," ते म्हणाले. "त्या रोपात दिसत नाही, त्याच्या लेकरांत वर येतो. एकेका रोपाचं बी वेगळं ठेवा, वेगळ्या ओळीत लावा. जिच्यात एकही रोप पडणार नाही, ती ओळ धरा."

"म्हंजी आईकडं बघायचं न्हाई, लेकरं बघायची."

"अगदी बरोबर."

पण घरचं बी वेगवेगळं ठेवणं म्हणजे घर फुटणं, असं आमच्याकडे मानत. सासू धोंडाबाई किंचाळली, "माझा ल्योक गेला, आता बियाचंसुदीक वाटं घालती व्हय गं सटवे?" आणि तिने चुलीतलं जळतं लाकूड फेकून मारलं. रतनबाईने लुगड्यावरच्या ठिणग्या झटकल्या आणि बियांची गाठोडी आढ्याला बांधली.

काही वर्षांनी गेणू सुटून आला. तोवर रतनबाईला एकही रोप न पडणारी ओळ सापडली होती आणि तिच्या खाचरात तेच बी होतं. त्या साली वादळाने आंब्याची झाडं मुळासकट उपटली. रतनबाईचं भात झुकलं, पण उभं राहिलं. लोळलं ते गेणूचं, सगळं तिच्या खाचरात!

"आता आमची पाळी," म्हणत बजरंग विळा घेऊन निघाला. पलीकडे गेणू कुऱ्हाड घेऊन उभा होता. "हात लाव, बापाकडं धाडतो तुला!"

रतनबाई मध्ये धावली. पडलेल्या लोंब्यांना मिठी घालून ती बांधापलीकडे लोटू लागली. ती भात ओढते आहे असं वाटून गेणूने कुऱ्हाड घातली. तिच्या उजव्या कोपराचं हाड फुटलं. बजरंगचा विळा गेणूच्या मानेकडे निघाला. "आधी मला काप!" म्हणत ती उरलेल्या हाताने पोराच्या गळ्याला लोंबकळली. वार चुकला आणि गेणूचा कान तुटून चिखलात पडला. आईचं रक्त आपल्या छातीवरून वाहू लागलं तेव्हा बजरंगचा विळा गळून पडला.

पुढच्या पेरणीआधी रतनबाईने एक गाठोडं बजरंगपुढे ठेवलं. "गेणूच्या दारात दिऊन ये."

"माझ्या बाला मारलं त्यानं! त्याला बी द्यायचं?"

"आपलं एकट्याचं उभं राहून भागलं का? सांग की!"

त्याने गाठोडं लाथाडलं. बऱ्याच वेळाने उचललं आणि गेला. गेणू बाहेर आला नाही. त्याच्या बायकोने, अंबूबाईने, ते पदरात घेतलं.

त्या साली बांधाच्या दोन्ही बाजूंना भात उभं राहिलं. बजरंग अलीकडे कापत होता, गेणू पलीकडे. दोघांचे विळे पाजळलेले, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मधल्या बांधावर रतनबाई वाकडा हात मांडीवर घेऊन बसली होती. कापणी संपेपर्यंत ती तिथून उठली नाही.