वेळ अमावास्येची पंगत

लग्न होऊन मी शहरातल्या शुक्रवार पेठेतून कानडी मुलखाला लागून असलेल्या वळसंगला आले तेव्हा मला कानडीचा एक शब्द येत नव्हता. सासरी मात्र सगळे घरात कानडीच बोलायचे. सासूबाईंना मराठी यायची, पण कामाच्या घाईत त्यांच्या तोंडून कानडीच निघायची. मी मान डोलवायची आणि अंदाजानं काहीतरी करायची.

अशात वेळ अमावास्या आली. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळी माणसं आपापल्या रानात. ज्वारीत कडब्याची खोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की रानभर आंबील शिंपडायची आणि मग जेवायचं. पोटुशी बाईचे डोहाळे पुरवावेत, तसं दाणा भरत आलेल्या पिकाचं हे कोडकौतुक.

पंगत बसली. सासूबाईंनी आंबिलीचं मडकं माझ्यापुढं सरकवलं, पंगतीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "हाक, हाक."

पंगतीपलीकडे गाडीवाट होती. शेळ्या-मेंढरं घेऊन धनगरांची दोन बिऱ्हाडं चालली होती. यांनाच हाक मारायची असणार, असं मला वाटलं. पदर सावरून मी बांधावर गेले आणि जोरात ओरडले, "पाहुणे, जेवायला या. आमच्या सासूबाई बोलावतायत."

म्होरक्या म्हातारा थांबला. "आमी लई जण हाय की, बाई."

"सगळेच या," मी म्हटलं.

वळून बघते तो सगळी पंगत माझ्याकडेच बघत होती. नवी सून सासऱ्यांदेखत अशी ओरडलेली कुणी पाहिली नव्हती. आमचे हे हळूच म्हणाले, "आई वाढ म्हणत होती. कानडीत हाक म्हणजे वाढ."

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा येणाऱ्या माणसांकडे. मग पदर खोचत म्हणाल्या, "बसू दे त्यास्नी. आज रानात आलेलं माणूस उपाशी जात न्हाय."

भज्जीची मिसळभाजी संपली, बाजरीचे उकडलेले उंडे संपले. खीर तळाला गेली तेव्हा धनगरांच्या बायकांनी शेळ्या धरल्या, दूध काढलं आणि खिरीत ओतलं. ती पातळ खीर पोरं बोटांनी चाटून खात होती. निघताना म्हातारा सासऱ्यांना म्हणाला, "तुमचं वरलं रान पडीक हाय न्हवं? चार रात्री मेंढरं तितं बसवतो." मेंढरं बसली की रानाला फुकटचं खत. सासरे खुशीत हसले, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

घरी परतताना सासूबाई माझ्या जोडीनं चालल्या. मेंढरू दिसलं की "कुरी" म्हणायच्या, ज्वारीला हात लावून "जोळा". मी चुकले की थांबून पुन्हा म्हणायला लावायच्या. वेशीपर्यंत सात-आठ शब्द झाले. त्यातले निम्मे मी बरोबर म्हणत होते.