सबनीसकाकांचे सहा खड्डे

सबनीसकाका मान खाली घालूनच चालत. सिंगापुरात बेडोकच्या बाजारात मासे घेतानाही त्यांचं अर्धं लक्ष पायाखाली असे. उमेदीची वर्षं सगळी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली आणि निवृत्तीनंतर त्यांना पुरातत्त्वाचं वेड लागलं. "तीस वर्षं पायाखाली लोखंड होतं रे," म्हणत, "आता जरा माती बघू दे."

नव्वदच्या दशकात मी सिंगापूरला सिव्हिल इंजिनियर होतो. एका तलावाकाठी सहलीला येणाऱ्यांसाठी सहा खांबांची शेड बांधायचं किरकोळ काम माझ्याकडे आलं. तिथे पूर्वी कंपाँग होतं, म्हणजे जुनं खेडं. जुनं काही निघालं तर तिथला खांब सरकवायचा, म्हणून पाया खणण्याआधी जमीन तपासायला काकांनी तिथल्या अधिकाऱ्याकडून चार दिवस मागून घेतले. तो म्हणाला, "फोर डेज ओन्ली लाह, अंकल. गुड रिपोर्ट, देन नेक्स्ट टाइम ऑल्सो कॅन." काकांचा सगळा जीव त्या 'नेक्स्ट टाइम'मध्ये, पुढच्या परवानगीत, अडकला होता.

पहिल्या दिवशी खांबांच्या जागी आम्ही थापीने अलगद सहा खड्डे घेतले. निळ्या नक्षीची खापरं निघाली. प्रत्येक खड्ड्याची पिशवी वेगळी. "दिसलं ते लिहायचं. वाटलं ते बायकोला सांगायचं," हा काकांचा नियम. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून पिशव्या माझ्याकडे दिल्या आणि तीनदा बजावलं, "खापरं धुऊ नकोस हं."

आणि मी ती खापरं धुतली. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर पोचल्यावर नक्षी बघायचा मोह आवरला नाही. बायकोने जुना टूथब्रश काढून दिला. एकाच टबात सगळी घासून आम्ही वर्तमानपत्रावर वाळत घातली. काका खूश होतील असंच मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी घरी येऊन एक खापर उचलून पाहिलं. "सुंदर आहेत," म्हणाले. "पण कुठलं कुठल्या खड्ड्यातलं? आता कुठला खांब हलवायचा म्हणून सांगू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले नाहीत. टोपी चढवली आणि प्रत्येक खड्ड्याला लागून नवा खड्डा घ्यायला बसले. उरलेले दोन दिवस, भर उन्हात, गुडघ्यांखाली आमच्या घरची उशी घेऊन. मी माती चाळत होतो. फक्त तिसऱ्या खांबापाशी तशीच खापरं ढिगाने आणि चुलीची राख सापडली. तो खांब दोन हात सरकवला, शेड वेळेत उभी राहिली. महिन्याभराने त्याच अधिकाऱ्याने एका छोट्या जेटीच्या जागेसाठी काकांना आपणहून फोन केला. त्या दिवशी काकांनी मला हॉकर सेंटरमध्ये नेऊन पोटभर खायला घातलं.

पुढे ते मुलीकडे नाशिकला गेले आणि तिथेच वारले. निघताना त्यांनी मला शेडच्या रिपोर्टची प्रत दिली होती. त्यात धुतलेल्या खापरांपुढे लिहिलं होतं : "जागेची नोंद नाही. न धुण्याची सूचना द्यायची माझ्याकडून राहिली."

"काका, तुम्ही तर तीनदा सांगितलं होतं," ते वाचून मी तेव्हाच म्हणालो होतो.

"असू दे रे. तुला अजून इथे कामं करायची आहेत."

दिसलं तेच लिहिणाऱ्या त्या माणसाची ही एकच खोटी ओळ मला ठाऊक आहे, आणि ती माझ्यासाठी होती.