नाचणगावच्या तलावावरचा तिसरा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर चहा पाजून वाटेला लावलंय. तुम्ही मलाही तसंच लावलंत तर तक्रार नाही... आणि खरं तर या गोष्टीत भूत नाहीच. एक व्हिडिओ आहे, आणि त्यात एक गाढव — ते मी.

साल २००६. मी वर्ध्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. घर नालवाडीत, घरचं किराणा दुकान. पर्यावरणाच्या प्रोजेक्टशिवाय रिझल्ट अडणार होता. सरांनी मला आणि माझ्या वर्गातल्या पप्पूला विषय दिला — तलावातले प्लास्टिकचे बारीक कण. व्हिडिओ करून आणा म्हणाले. माझा चुलतभाऊ संजूदादा पिपरी मेघेला, लग्नांचं शूटिंग करायचा. त्याचा हँडीकॅम मागून आणला. "पाण्यात पाडला त तुलेच बुडवतो," एवढाच आशीर्वाद त्याने दिला.

भर दुपारी पप्पूच्या एम-एटी गाडीवर नाचणगावच्या पुढच्या तलावावर पोचलो. तिथे गेल्यावर डोक्यात उजेड पडला, की जे कण डोळ्यांना दिसत नाहीत ते कॅमेऱ्याला काय दिसणार! म्हटलं, मोठं प्लास्टिक दाखवू. तर तलाव लख्ख. कमळं, बगळे, काठाला बेशरमाची झाडी... औषधालाही पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, नाही.

"आता कसं करतं बे?" पप्पू म्हणाला.

कॅमेरा भिजू नये म्हणून मी दुकानातून पन्न्यांचं अख्खं बंडल आणलं होतं. कॅमेरा त्याच्या बॅगेत, बॅगेची चेन बंद, बॅग गाडीच्या हँडलला. आम्ही दोघं पँट वर दुमडून गुडघाभर पाण्यात शिरलो आणि पन्न्या पसरल्या. मग बाहेर येऊन पप्पूने कॅमेरा धरला आणि मी गंभीर चेहरा करून मानवाच्या बेफिकिरीवर बोललो. आवाज भरून आला होता, खोटं नाही सांगत. नंतर पन्न्या गोळा करायला गेलो, तोवर वाऱ्याने त्या खोल पाण्यात नेल्या होत्या. पोहता दोघांनाही येत नव्हतं. निघून आलो.

लग्नसराई होती. संजूदादाने न बघताच कॅसेटची सीडी करून दिली, सुरुवातीला बदामांची डिझाईन टाकून.

वर्गात सीडी लागली. बदाम गेले, तलाव आला. आणि त्या तलावात मी आणि पप्पू — पन्न्या फेकताना, खिदळताना. दोघंही. कॅमेरा आमच्यामागून सावकाश फिरत होता, जरासुद्धा हलत नव्हता. शेवटी तो एका पन्नीच्या जवळ गेला आणि तिच्यावर छापलेलं आमच्या दुकानाचं नाव पडदाभर झालं. संपलं. माझं भाषण त्यात कुठेच नव्हतं.

वर्ग पोट धरून हसत होता.

"कॅमेरा कोणी धरला होता?" सरांनी विचारलं.

"कोणीच नाही सर."

"तिसऱ्याचं नाव सांगा. पूर्ण मार्क त्यालाच देतो."

त्या दुपारी तिथे आमच्याशिवाय चार म्हशी होत्या. सर म्हणाले, एकूण एक पन्नी काढून आणा, मग प्रोजेक्टवर सही.

संजूदादाने सीडी दोनदा पाहिली. "हे तुमचं काम नाई. त्या पोराले माह्याकडे पाठवजो, सीझनभर लावतो," म्हणाला. अजूनही दर दिवाळीला विचारतो.

दुसऱ्या दिवशी तरंगायला टायरची हवा भरलेली ट्यूब आणि बांबू घेऊन गेलो. कॅमेरा नेला नव्हता. तरी पप्पू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि मी येताना भांग पाडून आलो होतो. संध्याकाळपर्यंत दोघांनी अगदी हसऱ्या चेहऱ्याने पन्न्या वेचल्या. सही मिळाली, पास झालो.

उत्तर मला आजही सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधतही नाही. फक्त कुठल्याही तलावाच्या काठी बिस्किट खाल्लं, की रिकामा पुडा आधी हवेत वर धरतो, नीट दिसेल असा... आणि मग खिशात घालतो.