बोरूतली ठिगळं

विहिरीखालच्या तुकड्यात गव्हाच्या आधी बोरू करायचा, हे मी ठरवलं. पोराला पटलं नव्हतं. बोरू म्हणजे ताग. तो पेरायचा, छातीएवढा वाढू द्यायचा आणि फूल धरायला लागलं की हिरवागार असतानाच जमिनीत गाडायचा. तो कुजतो, रान मऊ पडतं, मग दिवाळीनंतर त्यात गहू. सोयाबीन घेऊन घेऊन ते रान इतकं टणक झालं होतं की नांगरल्यावर निघालेलं ढेकूळ पाऊस पडला तरी फुटायचं नाही. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण रानाच्या बाबतीत कोणी मला शिकवायला आलेलं खपत नाही.

पोरगं म्हणालं, "आबा, सोयाबीनचं एक पीक जातंय त्यात."

म्हटलं, "जाऊ दे. रान अजून माझ्या नावावर हाय." विषय संपला.

बी फोकायचं, म्हणजे मुठीनं उडवून पेरायचं, तर आमच्या घरात हात एकच. माझ्या बायकोचा. लग्न होऊन आली तेव्हापासून मेथी असो, कोथिंबीर असो, धान असो, फोकायला तीच. गल्लीतल्या बायका तिला आपल्या रानात बोलवून न्यायच्या. तिची मूठ अशी सुटायची की उगवल्यावर वाटावं, चाळणीतून पडलंय. तिला त्याचा तोरा होता, आणि तो तिला शोभायचा.

पण दोन-तीन वर्षांपासून डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती कबूल करत नव्हती. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तर म्हणायची, डबे कुणी हलवले. बोरू फोकायच्या दिवशी लुगड्याच्या ओच्यात बी घेऊन ती रानात उतरली आणि मला म्हणाली, "तुम्ही बांधावर बसा. मधी मधी करू नका."

मी बसलो. ती सवयीनं चालत होती, पण पाय थोडा थोडा एका बाजूला सरकत होता. मला दिसत होतं. पण इतक्या वर्षांत तिच्या पेरणीत मी कधी तोंड घातलं नव्हतं, तेव्हाच कशाला घालायचं?

आठवड्यानं उगवलं, आणि रानात जागोजागी मोकळी टकलं दिसायला लागली. ती तेव्हा रानात येत नव्हती. नांदेडला डोळ्याच्या दवाखान्यात जायची तिची तयारी चालली होती. मी उरलेलं बी घेतलं, टकलांवर टाकलं, खुरप्यानं माती सारखी केली आणि घरी येऊन जेवलो. पोरालाही सांगितलं नाही. धोतराला ठिगळ लावतो तसं लावलं, गावाला कशाला सांगायचं?

ऑपरेशन झालं. धुळीत जायचं नाही, डोळा चोळायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं, म्हणून ती नांदेडलाच लेकीच्या घरी राहिली. रोज संध्याकाळी फोन.

"फुलं आली का बोरूला?"

"न्हाई अजून."

"मी आल्याबिगर मोडू नका. लई दिसांनी नीट दिसून राहिलंय. मला माझं पेरलेलं बघायचंय."

मी "हाव" म्हणायचो. आणि फुलं तर आली होती. तिनं फोकलेला बोरू छातीला लागत होता, शेंड्याला पिवळं धरलं होतं. आणि मधी मधी माझी ठिगळं, मांडीएवढी, हिरवी, बिनफुलांची. आंधळ्यालाही कळावं अशी. नवा डोळा घेऊन ती बांधावर येणार आणि पहिलं काय बघणार, तर आपला हात गेला हे. ते मला नको होतं. ती यायच्या आत रान मोडायचं, बोरू गाडून टाकायचा, असं मी मनात धरलं.

पोरगं म्हणालं, "आबा, आई येऊनच राहिली की. दोन-चार दिस थांबा."

"बोरू निबर झाला की त्याची सुतळी व्हती. कुजत न्हाई, नांगराला गुंडाळतंय."

"परवा तर म्हणत होता, अजून आठ दिस चालतंय."

"परवाचं परवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ट्रॅक्टर आणला. खालच्या अंगाला नांगराचे दोन फेरे झाले असतील, तोच कंधारकडून येणारी एसटी फाट्यावर थांबली आणि काळा चष्मा लावलेली, नाकाला पदर धरलेली माझी बायको पायवाटेनं चालत आली. पोरानंच तिला फोन केला होता, हे मला मागून कळलं. त्यानं ट्रॅक्टर बंद केला.

बांधावर येऊन तिनं चष्मा वर केला.

"काढू नको, धूळ हाय," मी म्हणालो.

"गप बसा."

बराच वेळ बघत राहिली. मग रानात उतरली, शेंड्यांवरून हात फिरवत गेली आणि पहिल्या ठिगळापाशी थांबली.

"हे कुणी फोकलं?"

"डुकरानं खाल्लं असंल. मागून फुटलं."

"डुक्कर मुठीनं पेरत न्हाई." ती खाली बसली, झाडं बाजूला करून बघितली. "एका जागी किती बी पडलंय. डोक्याच्या केसांसारखं उगवलंय. तुमचाच हात हा. इतकी वर्सं झाली, मूठ सोडायला आली न्हाई तुम्हाला."

"बी उरलं होतं," मी म्हणालो.

"हाव. उरलं होतं."

ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळा चोळायचा नाही म्हणून मी तिचा हात धरला. धरला तो लगेच सोडला नाही. पोरगं ट्रॅक्टरवर बसून दुसरीकडं बघत राहिलं.

मग तिनं उंच बोरूच्या कळ्या खुडून पदरात घेतल्या, भाजीला. माझ्या ठिगळात कळीच नव्हती, ते तिनं दोनदा बोलून दाखवलं. बांधावर येऊन पोराला म्हणाली, "मोड आता. निबर होईल." ट्रॅक्टर चालू झाला, हिरवं मातीखाली गेलं, ओला उग्र वास सुटला. मी तिच्या डोळ्यांवर चष्मा खाली ओढला.

"पुढल्या साली मागून यायचंच असलं तर त्याच दिशी या," ती म्हणाली. "माझ्या मागं मागं. आठ दिसांनी चोरासारखं नको."

"अन् तू बांधावर बसा म्हणालीस तर?"

"म्हणणारच की. तुम्ही कवा ऐकलंय?"