पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची

शेजारच्या सिउ लानचा मुलगा केंग मासेमारीला गेला तो परतलाच नाही. होडी सापडली, तो नाही. तिने त्याचे दिवस घालू दिले नाहीत. म्हणायची, "खादाड मेला, इथेच पिनांगमध्ये कुठेतरी शेवया गिळत बसला असेल."

त्याला शोधायला ती मला घेऊन वर्षानुवर्षं खानावळी, जत्रा, मिरवणुका पालथ्या घालत होती. तिचं लक्ष गर्दीकडे, त्यामुळे दोघींचं मीच खायची. वजन माझं वाढलं, झिजली ती.

"अगं, समोरचं ताट तरी बघ!"

"तू चर गं म्हातारे, मला बघू दे."

यंदा पितरांच्या महिन्यात देवळापुढच्या नाटकाला गेलो. तिथे पहिली रांग मेलेल्यांसाठी रिकामी सोडतात. दरवर्षी सिउ लान त्या रांगेकडे पाठ करून मागचे चेहरे न्याहाळायची. यंदा मात्र ती सरळ त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"केंग, आलास का रे? कडेला बस, तुला पाय पसरायला लागतात."

कडेची खुर्ची तिने रुमालाने पुसली आणि माझ्याशेजारी दुसऱ्या रांगेत येऊन बसली. नाटक संपेपर्यंत तिने गर्दीकडे एकदाही पाहिलं नाही.