शिळं पाणी

मी एकदा कचऱ्याचा डबा घासून त्यात पाणी भरून ठेवलं होतं. हसा खुशाल. पण त्याच्या पुढचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — लेकीला नाही, देवापुढेही नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी तेव्हा साठीची पोर — अक्कलदाढ काढून टाकल्याला चार वर्षं झालेली. जावईबापूंनी हौसेनं सह्याद्रीतल्या दाट जंगलात नेलं, राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या एका निवासात. मातीच्या भिंती, प्लास्टिकला बंदी. झऱ्याचं पाणी सौर पंपानं टाकीत चढायचं, सहा खोल्यांना मिळून एकच टाकी. मला वेगळी खोली दिली होती. दारावर पाटी — पाणी जपून वापरा. मी हसले. लातूरच्या बाईला शिकवतात!

आणि नळ सोडला. धो धो — काय सांगू तुम्हाला? आमच्याकडे दहा दिवसांनी नळ येतो, तेव्हा वाटीसुद्धा रिकामी ठेवत नाहीत. हात थांबतोय होय? दोन बादल्या, टब, तांब्या, शेवटी तो डबा. बरं, भरलं तर भरलं. दुसऱ्या दिवशी नळाला ताजं पाणी बघितलं आणि कालचं — शिळं म्हणून — ओतून दिलं. ताजं आलं की शिळं ओतायचं, ही आमच्या घरची रीत. पुन्हा सगळं भरलं. तीन दिवस हेच. घागर घेऊन टँकरमागं धावलेली बाई मी, आणि मोरीत बादल्या उपड्या करत होते.

त्यात आभाळ भरलेलं, पंप धड चालेना. चौथ्या दिवशी सकाळी टाकी कोरडी. शेजारचे पाहुणे डोक्याला साबण लावून बाहेर आले. मॅनेजर खोल्याखोल्यांपुढं विचारत फिरला, कुणाचा नळ उघडा राहिला का? माझ्या दारात आला तेव्हा जावई शेजारीच उभे. आत भांडी तुडुंब.

जावयापुढं इज्जत जाईल — एवढंच डोक्यात आलं. मी म्हटलं, फरशी पुसायला शेवंता येते ना, तिनंच ठेवला असेल उघडा.

त्याला ते लगेच पटलं. लातूरची आजी पाणी सांडेल, असं कुणाला वाटेल? त्यानं आत डोकावूनही बघितलं नाही. शेवंता माझ्या लेकीच्या वयाची, घर तिच्याच पगारावर. मॅनेजरनं तिला अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं — दुपारपर्यंत खोल्या आवर, उद्यापासून येऊ नको. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी? मी उपीट खात होते. दुसऱ्यांदा मागूनही घेतलं.

एक शब्द बोलायचा होता. मॅनेजर चार पावलांवर होता. दुपारी निघेपर्यंत तिथंच होता.

माझी बॅग जीपपर्यंत शेवंतानंच आणली. जावयाला ऐकू जाणार नाही, इतक्या हळू बोलली. ते ऐकूनही मी जीपमध्ये बसले आणि काच वर केली. ती म्हणाली होती,

"मॅनेजरसाहेब आत बघतील म्हणून खोली आवरताना तुमच्या बादल्या मीच झाडांना घातल्या, मावशी. तुमच्याकडं पाण्याचे लई हाल असत्यात म्हणं — म्हणून बोलले न्हाई कुणाला."